मन्मथअप्पांचा पिवळा दिवा

मन्मथअप्पांनी गाडी घेतली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि त्यांना सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. लातूरच्या गोलाईच्या बाजारातलं सरकी-पेंडीचं दुकान त्याच वर्षी त्यांनी मुलाच्या हाती दिलं होतं. दुकानातून मोकळा झालेला माणूस एकतर तीर्थाला जातो, नाहीतर घरी बसून सुनेच्या कामात लक्ष घालतो. अप्पांनी यातलं काही केलं नाही. ते नांदेडला गेले, ओळखीच्या एका डॉक्टरांची वापरलेली पांढरी पेट्रोल गाडी घेतली, ड्रायव्हर करून ती लातूरला आणली आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कॉलेजच्या पोरींमागं जाऊन उभे राहिले.

मी तेव्हा बँकेत होते. बदलीवर लातूरला आले होते आणि अप्पांच्या शेजारी भाड्यानं राहत होते. माझं माहेर मुदखेडचं, त्यामुळं नांदेडच्या बाजूला माझं जाणं-येणं असायचं आणि पुढं पुढं ते अप्पांच्याच गाडीतून होऊ लागलं.

उंच, काटक माणूस. कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, पांढरा सदरा, पांढरा पायजमा. आवाज पोत्यांच्या थप्पीपलीकडच्या हमालाला ऐकू जाईल असा, आणि तो घरातही तसाच. गाडीत बसताना ते चपला काढून मागच्या सीटखाली ठेवत आणि अनवाणी चालवत. "पायाला गाडी कळाली पायजे," असं त्यांचं म्हणणं. समोरून ट्रक आला की हॉर्न वाजवायचाच, वर तोंडानंही सांगायचं, "येऊन राहिलो रे बाबा, दिसून राहिलं मला!" ट्रकवाल्याला ते ऐकू जात नाही, हे त्यांना कुणी पटवून देऊ शकलं नाही.

अप्पांचा एक स्वभाव साऱ्या गल्लीला पाठ होता. त्यांना कुठून नवी गोष्ट कळली की ती त्यांच्या पोटात राहायची नाही. गुडघेदुखीवर कुठल्याशा पाल्याचा काढा कुणीतरी सांगितला, तर संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या झाडून साऱ्या म्हाताऱ्यांना तो कळलेला असायचा. एवढं कुणीही करतं. पण तो काढा पिऊन आमच्या घरमालकीणबाईंचं पोट बिघडलं, तेव्हा अप्पा पुन्हा प्रत्येक दारात गेले. दारात उभं राहून त्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "मी काढा सांगितलो होतो ना, ते बंद करा. माझं चुकलं." आणि पुढच्या दाराकडं वळले. चेहऱ्यावर ओशाळलेपण नाही, काही नाही. चुकीचा माल गेला होता, तो परत घ्यायला आले होते, एवढंच.

एक विषय मात्र असा होता की त्यात ते कधी माघार घेत नसत. अप्पांचं गाव उदगीरकडचं. उदगीर जिल्हा होणार, हे ते दरवर्षी सांगत. यंदाच्या पंधरा ऑगस्टला नाही झाला तर पुढच्या. उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला तेव्हा तरण्याताठ्या अप्पांनी गोलाईत पेढे वाटले होते आणि जिल्हा झाला की पाणी येतं, असं भाषणही ठोकलं होतं म्हणे. दुष्काळाच्या त्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा चहाच्या टपरीवर लोकांनी त्यांना घेरलं. "अप्पा, तुमचं खरं झालं की! जिल्हा झाला आन् पाणी आलं. तिकीट काढून आलं!" अप्पा सगळ्यांत मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "उदगीरला कालव्यानं येतंय बघा."

पिवळ्या दिव्याची गोष्ट त्या दुष्काळाच्या थोडी आधी सुरू झाली. अप्पांना लायसन मिळून फार दिवस झाले नव्हते. अप्पा, त्यांच्या पत्नी अक्का आणि मी नांदेडला निघालो होतो. लोह्याच्या अलीकडं स्टिअरिंगपुढच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. इंजिनाचं चित्र असलेला. गाडी व्यवस्थित चालत होती, पण अप्पांनी वेग एकदम कमी केला. रस्त्याकडेला नागनाथ नावाच्या मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज दिसलं. नागनाथनं बॉनेट उघडलं, पान्यानं बॅटरीची एक वायर सोडवली आणि बिडी ओढत बसला. बिडी संपल्यावर वायर परत जोडली. गाडी चालू केली. दिवा गायब.

"केलास काय रे?" अप्पांनी विचारलं.

"हिच्यात कॉम्प्युटर असतो, अप्पा. त्याचं डोकं तापलं की असं करतंय. वीज तोडली की सगळं विसरून जातंय. मग परत नव्यानं सुरू."

अप्पा त्या वाक्यावर एकदम खूश झाले. नांदेडपर्यंत ते दुसऱ्या विषयावर बोलले नाहीत. लातूरला परतल्यावर त्यांनी आधी एक पाना विकत घेतला. आठवडाभरात गल्लीत ज्याच्याकडं चारचाकी होती त्या प्रत्येकाला बॅटरीचा इलाज कळला. टपरीवर कुणाची गाडी कुरकुरली की अप्पा उठलेच. "बॅटरी काढ. घटकाभर बस. लाव." दिवा खरोखरच विझायचा. काही दिवसांनी परत लागायचा, तेव्हा परत काढायची. अप्पांच्या स्वतःच्या गाडीचं तेच चाललं होतं. दर खेपेला वायर जोडल्यावर गाडी थोडा वेळ उभ्या जागी थरथरायची, कधी बंद पडायची, मग सुधारायची. "थंडी वाजून राहिली तिला," असं म्हणून अप्पा बॉनेटवर थाप मारायचे. त्यांच्या गाडीतलं घड्याळ कधी खरी वेळ दाखवायचं नाही, कारण दरवेळी तेही पहिल्यापासून सुरू व्हायचं.

दुष्काळ चढत गेला तसं गल्लीचं सगळं जगणं टँकरभोवती गोळा झालं. घागरी, ड्रम, नळ्या आणि भांडणं. आमच्या समोर रफिकभाई शिंपी राहायचे. त्यांच्या बायकोला, हसीनाभाबींना, किडनीचा आजार होता. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. त्याला पाणी लागतं, भरपूर आणि स्वच्छ. त्या जिथं जात तो छोटा दवाखाना टँकरच्या पाण्यावर किती पेशंट घेणार? त्यांनी पाळ्या कमी केल्या आणि भाबींना दुसरीकडं बघायला सांगितलं. खूप फोन झाल्यावर नांदेडच्या एका दवाखान्यात त्यांना पाळी मिळाली. पण लातूरहून नांदेड, तेही आठवड्यातून दोनदा, तेही एसटीत उभं राहून, अशा तब्येतीत?

रफिकभाई ओट्यावर डोकं धरून बसले होते. अप्पा आपल्या दारातून ओरडले, "गाडी हाय ना! मी काय करून राहिलो दिवसभर? भाबीला तयार र्‍हायला सांग."

विषय तिथंच संपला. त्या आठवड्यापासून अप्पांची गाडी नांदेडला जाऊ लागली. सकाळी अंधार असतानाच अप्पांची लिंगपूजा व्हायची. उजाडता उजाडता मागच्या सीटवर उशी, भाबींच्या पायाखाली दुमडलेली गोधडी, पुढं रफिकभाई. रफिकभाईंना लग्नसराईची कामं असली की अक्का सोबत जायच्या. मला सुट्टी असली तर मीही. भाबी हडकुळ्या होत्या, पण जिभेला धार होती. त्यांना दिवसाला मोजून पाणी प्यायची परवानगी होती. वाटेत अहमदपूरजवळ कोरडी पडलेली विहीर बघून अक्का हळहळल्या, तर भाबी म्हणाल्या, "तुमारा दुष्काळ तो अब आया, अक्का. मेरा तो चार साल से चालूच है." अप्पा एवढे हसले की गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी लागली.

आणि तो दिवा. आता तो वरचेवर लागायला लागला होता. भाबी गाडीत असताना तो दिसू नये म्हणून अप्पा निघायच्या दिवशी सकाळी, दिवा लागलेला असो वा नसो, बॅटरी काढून ठेवू लागले. पूजा होईपर्यंत वायर सुटी. मग जोडायची. त्यांना वाटे, गाडी ताजीतवानी होऊन निघते.

ऐन उन्हाळ्यातला तो दिवस मला लख्ख आठवतो. रफिकभाई त्या दिवशी कामामुळं आले नव्हते. मी मुदखेडहून नांदेडला आले होते आणि परतीला भाबींशेजारी गाडीत बसले. भाबींचं डायलिसिस नुकतंच झालं होतं. त्यानंतर त्या अगदी पिळून काढल्यासारख्या व्हायच्या. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. गर्दीत गाडीचा वेग कमी झाला आणि इंजिन बंद पडलं. चालू केलं, थोडं पुढं गेलो, परत बंद. पुलाच्या तोंडाशी तर गाडी आडवीच उभी राहिली. मागं ट्रक, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. पिवळा दिवा लागला.

अप्पा अनवाणीच उतरले. डांबर तापलेलं. पाय उचलत-टेकवत त्यांनी बॉनेट उघडलं आणि वायर काढली. आम्ही उन्हात थांबलो. एक-दोघांनी शिव्या दिल्या. अप्पांनी वायर जोडून गाडी सुरू केली, तर ती आधीपेक्षा वाईट. सुरू व्हायची आणि लगेच मान टाकायची. अप्पांनी परत पाना उचलला.

भाबींनी डोळे उघडले. "अप्पा, रहने देव ना," त्या हळू म्हणाल्या. "मैं बैठती यहींच. घाई नक्को करो."

त्या एवढ्या शांतपणे म्हणाल्या, की अप्पांचा हात तिथंच थांबला. मी पहिल्यांदा त्यांचा आवाज बारीक झालेला ऐकला. "ताई, भाबीला काही झालं मंजे?"

दोन रिक्षावाल्यांनी उतरून धक्का दिला आणि गाडी जवळच्या एका गॅरेजात नेऊन लावली. भिंती निळ्या, कोपऱ्यात बुद्धाची तसबीर, खाली ताजं फूल. गॅरेज एका बाईंचं होतं. सुजाताताई. पस्तिशीच्या असतील. अंगात कुर्ता, त्यावर पुरुषी शर्ट, हात कोपरापर्यंत काळे. त्यांनी गाडीकडं न बघता आधी भाबींकडं बघितलं. आतली बाज ओढून कूलरपुढं टाकली, भाबींना आडवं केलं आणि मग अप्पांना म्हणाल्या, "हं काका, आता सांगा."

अप्पांनी सगळं सांगितलं. बॅटरीचं सांगताना त्यांचा आवाज थोडा परत आला. सुजाताताईंनी स्टिअरिंगखाली एक वायर खोचून हातातल्या यंत्रात बघितलं आणि विचारलं, "आज किती वेळा काढली बॅटरी?"

"सकाळी एकदा. आन् आता पुलावर."

"आणि रोज?"

"निघायच्या दिवशी काढतोच."

त्या हसल्या, पण टोचेल असं नाही. "काका, तुमची गाडी दर खेपेला पहिलीत जाऊन बसते. बिचारी दुसरीत कधी जायची?"

मग त्यांनी इंजिनाची एक नळी काढून अप्पांना आत बघायला लावलं. हवा आत जायचा रस्ता काजळीनं आणि धुळीनं निम्मा बुजला होता. त्या म्हणाल्या, गाडी चालते तसा कॉम्प्युटर शिकत जातो. रस्ता बुजला तर झडप थोडी जास्त उघडून धरतो, पेट्रोल कमी-जास्त करतो, त्यामुळं गाडी उभ्या जागी बंद पडत नाही. बॅटरी काढली की हे शिकलेलं पुसतं आणि त्याला वाटतं, गाडी कोरी करकरीत आहे. मग बुजलेल्या रस्त्यानं तिचा जीव गुदमरतो.

"मंजे नागनाथ म्हणला ते खरंच होतं," अप्पा म्हणाले. "सगळं विसरतंय."

"सगळं नाही. काही पुसतं, काही राहतं, ज्या त्या गाडीवर असतं. नव्या गाड्या तर बॅटरी काढली तरी बिघाड विसरत नाहीत. तुमची जुनी आहे, ती विसरते. पण काका, कॉम्प्युटर विसरला म्हणून तुटलेली वायर जुळत नाही ना. दिवा कशानं लागतो ते आत लिहिलेलं असतं. मी वाचायला जाते तर तुम्ही पाटी पुसून आणलेली."

सुजाताताईंनी तो रस्ता साफ केला आणि गाडी बराच वेळ उभ्या जागी चालू ठेवली. एसी बंद, बाकी सगळं बंद, नुसतं इंजिन. "शिकू द्या तिला," म्हणाल्या. हळूहळू थरथर थांबली. दिव्याचं मूळ मात्र सापडलं नव्हतं. भाबींना घरी न्यायचं होतं, वेळ घालवून चालणार नव्हतं.

"आता बॅटरीला हात लावायचा नाही," सुजाताताईंनी बजावलं. "दिवा लागेल. लागू दे. स्थिर असला तर गाडी चालवत माझ्याकडं या. मिचकावायला लागला किंवा गाडी गरम झाली, तर मात्र तिथंच थांबायचं. जमेल?"

"जमंल," अप्पा म्हणाले. पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते कठीण दिसत होतं.

चाकूर सोडलं आणि दिवा लागला. अप्पांनी स्टिअरिंग असं घट्ट धरलं की बोटं पांढरी झाली. लातूर येईपर्यंत ते ट्रकशीसुद्धा बोलले नाहीत. घरी आल्यावर अक्कांची एक टिकली घेऊन त्यांनी त्या दिव्यावर चिकटवली. मग मिचकावला तर कळणार कसं, हे लक्षात आलं आणि टिकली काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाण्याच्या टँकरला उठले, तर अप्पा बॉनेटजवळ उभे. हातात पाना.

"अप्पा!"

"काढून न्हाई राहिलो, ताई. नुसता उभा हाय. हात शिवशिवतोय."

आतून अक्का आल्या, त्यांच्या हातातून पाना घेतला आणि आत जाऊन पिठाच्या डब्यात टाकला. "जावा, पूजा करा," म्हणाल्या.

पुढच्या पाळीला आम्ही पिवळ्या दिव्यासकट निघालो. अख्खा रस्ता अप्पांचं एक लक्ष रस्त्यावर, एक दिव्यावर. भाबी मागून म्हणाल्या, "अप्पा, जलने देव. चिराग है समझो." अप्पांनी मान हलवली, पण हसले नाहीत. नांदेडला भाबींना दवाखान्यात सोडून ते तडक गॅरेजात गेले. यंत्रानं सांगितलं त्या जागी सुजाताताई गाडीखाली गेल्या आणि बॅटरी धरून अप्पांनाही खाली बोलावलं. मी 'बॅटरी' म्हटलं, ती विजेरी हो. धुराच्या नळीजवळच्या सेन्सरची वायर उंदरांनी कुरतडली होती. तांब्याचे एक-दोन धागे तेवढे शिल्लक. हादरा बसला की तुटायचं, कधी परत टेकायचं.

सदऱ्यावर काळं ऑइल घेऊन अप्पा गाडीखालून बाहेर आले. "उंदीर!" ते ओरडले. त्यांचा आवाज पूर्ण परत आला होता. "शेतात दाणा न्हाई म्हणून गल्लीत आले, आन् मी कॉम्प्युटरचं डोकं थंड करून राहिलो!"

वायर जोडली गेली. दिवा विझला आणि विझलेला राहिला. संध्याकाळी परतताना अप्पांनी गाडी चहाला थांबवली आणि मागं वळून भाबींना म्हणाले, "भाबी, त्या दिवशी पुलावर माझ्यामुळं तुमचे हाल झाले. माझं चुकलं."

भाबींनी कपाळाला हात लावला. "अप्पा, तुम नहीं रहते तो मैं पूल तक भी नहीं आती थी," त्या म्हणाल्या. "चाय पिओ. मेरे हिस्से की भी तुमीच पिओ."

दुसऱ्या दिवसापासून अप्पांची फेरी सुरू झाली. ज्याला ज्याला बॅटरीचा इलाज सांगितला होता, त्या प्रत्येकाच्या दारात. टपरीवर, गोलाईत, रिक्षा स्टँडवर. "बॅटरी काढायचं मी सांगितलो होतो ना, ते बंद करा. दिवा विझतंय, रोग तसाच ऱ्हातंय. माझं चुकलं." काहींना तर अप्पांनी असं काही सांगितल्याचंही आठवत नव्हतं. त्यांना अप्पांनी आधी पहिला सल्ला सांगितला आणि मग तो परत घेतला.

एक दार उरलं होतं, ते लोह्याच्या वाटेवर. पुढच्या खेपेला परतताना अप्पांनी नागनाथच्या पत्र्यापुढं गाडी उभी केली. सगळं ऐकून नागनाथ मान खाली घालून हसला. "मला ठावं हाय की, अप्पा. दिवा परत लागणार हे ठावंच असतंय. पण माझ्याकडं वाचायचं यंत्र न्हाई. गिऱ्हाईक घाबरून येतंय, दिवा विझला की खूश होऊन जातंय. मी तरी काय करू?"

मला वाटलं, अप्पा आता चिडणार. ते त्याच्या शेजारी टायरवर बसले. "यंत्र न्हाई मंजे, वाचता येत न्हाई असंच ना? मग शिक की. नांदेडला एक बाई हाय. मी तुला नेतो."

नागनाथला वाटलं, म्हातारा बोलून जाईल. पण अप्पा पुढच्या पाळीला खरंच थांबले. नागनाथ भाबींबरोबर अप्पांच्या गाडीतून नांदेडला गेला, त्याच्या पुढच्या खेपेलाही गेला. भाबींचं डायलिसिस चाले तोवर तो निळ्या भिंतींच्या गॅरेजात सुजाताताईंच्या हाताखाली उभा राही. पावसाळ्याच्या तोंडाशी त्यानं एक छोटं यंत्र घेतलं. अप्पांना ते दाखवताना त्याचे हात धुतलेले होते.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण आला तो धो धो. लातूरच्या दवाखान्यात पाळ्या परत सुरू झाल्या. भाबींचं नांदेडला जाणं थांबलं. तोवर माझ्या बदलीची ऑर्डर आली होती. सामान बांधून झालं त्या रविवारी सगळं लातूर मांजरा धरण बघायला लोटलं होतं. रेल्वेचं पाणी प्यायलेलं गाव, स्वतःचं भरलेलं धरण बघायला. मीही बँकेतल्या मैत्रिणींबरोबर गेले.

काठावर जत्रा भरली होती. भजी, फुगे, मोबाइल वर धरलेले हात. त्या गर्दीच्या थोडं पलीकडं, जिथं पाणी उथळ होतं, तिथं मला अप्पा दिसले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, गुडघाभर पाण्यात उभे. काठावरच्या दगडावर अक्का आणि हसीनाभाबी बसल्या होत्या, पाण्यात पाय सोडून. रफिकभाई भाबींचा दुपट्टा ओला होऊ नये म्हणून वर धरून होते. अप्पा ओंजळीत पाणी घेत होते आणि दोघींच्या पायांवर ओतत होते, परत घेत होते, परत ओतत होते. भाबी काहीतरी म्हणाल्या. मला ते ऐकू आलं नाही. पण अप्पांचं हसू त्या सगळ्या गोंगाटावरून माझ्यापर्यंत आलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी लोकांनीही कोण हसतंय म्हणून वळून बघितलं.